‘बाई, पुस्तकात आहे ते खरं ना?’

पत्राचा आशय

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं हे पत्र. दहावीच्या वर्गाला पेशीविभाजन शिकवताना त्यांनी सांगितलं, की चेतापेशी एकदा तयार झाल्या की पुन्हा विभाजित होत नाहीत. पुढे जैवतंत्रज्ञानाच्या धड्यात मूलपेशी, म्हणजे विभाजित होऊन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या पेशी, आल्या. त्यांच्या उपयोगांत थॅलॅसेमिया आणि ल्युकेमियाबरोबर मधुमेह, हृदयविकार, अल्झायमर्स, पार्किन्सन्स हीही नावं होती. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी आहे, बोलणं तुटक आहे. शहरातल्या एका क्लिनिकने मूलपेशींची इंजेक्शनं सुचवली आहेत. खर्च काही लाखांत आहे आणि त्यासाठी दीड एकर विकायचं घरात चाललं आहे. मुलीने घरी धडा उघडून दाखवला आणि तिचे काका शाळेत येऊन विचारून गेले, ‘बाई, पुस्तकात आहे ते खरं ना?’ बाईंनी ‘वाचून सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. त्याच आठवड्यात एका मुलाने विचारलं, ‘चेतापेशी विभाजित होत नाहीत, तर मेंदूत गाठ कशी होते?’ मुख्याध्यापकांचं म्हणणं, की अभ्यासक्रम पुरा करा, डॉक्टरकीत पडू नका. बाई विचारतात: माझ्या दोन विधानांपैकी चूक कोणतं? मी बोलावं का? एका घराची आशा मोडायचा मला काय अधिकार?

उत्तर

बाई,

सगळ्यात आधी काकांना निरोप धाडा, की जमिनीचा इसार घेऊ नका. बाकीचं त्यानंतर सावकाश बोलता येईल. इसार घेतला की माणूस शब्दात अडकतो, आणि मग उपचाराबद्दल कुणी खरं सांगितलं तरी ते ऐकायची त्याची तयारी उरत नाही.

आता तुमची दोन विधानं. दोन्ही चूक नाहीत, पण दोन्ही अर्धवट आहेत. पहिल्याबद्दल वर्गात एवढंच विचारून बघा: चेतापेशीला विभाजित व्हायचं असेल तर काय काय करावं लागेल? सूत्री विभाजनात पेशी आपला पसारा आवरून गोलसर होते, तुर्कतंतू तयार होतात आणि गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात. हे तुर्कतंतू ज्या सूक्ष्मनलिकांचे बनतात, तशाच सूक्ष्मनलिका चेतापेशीच्या अक्षतंतूत, म्हणजे तिच्या लांब शेपटीसारख्या तंतूत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या असतात आणि त्यांच्यावरून पेशीतला माल ये-जा करतो. मणक्यातून पायापर्यंत जाणारा अक्षतंतू मीटरभर लांब असू शकतो. एकेका चेतापेशीचे दुसऱ्या चेतापेशींशी हजारो जोड असतात. हे सगळं मोडून एका पेशीच्या दोन झाल्या, तर त्या जोडांमध्ये साठलेल्या शिकण्याचं, आठवणींचं काय होईल? मुलं यावर बरोबर विचार करतात. ‘विभाजन होत नाही’ हे वाक्य पाठ करण्याऐवजी त्यामागचं कारण त्यांच्याच तोंडून येतं.

मग हे विधान अर्धवट का? स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी मेंदूच्या पेशींची जी चित्रं काढली, त्या कामाला 1906 साली नोबेल मिळालं. प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी जन्मत नाही हे त्यांचं मत पुढे अर्धशतक कुणी फारसं हलवलं नाही. 1960च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांना प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशींच्या खुणा दिसल्या, पण त्यांच्याकडे बराच काळ दुर्लक्ष झालं. 1998 मध्ये एरिक्सन, गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कर्करुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. गाठीतल्या विभाजित होणाऱ्या पेशी ओळखता याव्यात म्हणून या रुग्णांना हयातीत एक खूणद्रव्य दिलेलं होतं. ते हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागातल्या चेतापेशींतही सापडलं. म्हणजे या पेशी मोठ्या वयात जन्मल्या होत्या.

यापुढची हकिगत वर्गात जरूर सांगा. 1950च्या दशकापासून 1963च्या बंदी करारापर्यंत अणुबॉम्बच्या उघड्यावर ज्या चाचण्या झाल्या, त्यांनी हवेतला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळपास दुप्पट केला. पुढे तो दरवर्षी उतरत गेला. तो वनस्पतींत गेला, वनस्पतींतून माणसात आला. पेशी विभाजित होताना नवा डीएनए बनतो तेव्हा त्या काळातला कार्बन त्यात अडकतो, आणि नंतर ती पेशी विभाजित झालीच नाही तर तसाच राहतो. स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने यावरून मेंदूतल्या पेशींची जन्मसालं काढली. 2006 साली त्यांना आढळलं, की मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी माणसाच्याच वयाच्या असतात, जन्मानंतर तिथे नवी भर पडत नाही. 2013 साली त्याच गटाने सांगितलं, की प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र रोज सुमारे 700 नव्या चेतापेशींची भर पडते. माणसाच्या मेंदूत एकूण चेतापेशी साधारण 8,600 कोटी आहेत, तेव्हा ही भर किती बारीक आहे ते मुलांनाच काढू द्या. वाद तिथेही संपलेला नाही. 2018 मध्ये एका गटाला प्रौढ हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जवळपास सापडल्याच नाहीत, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाला म्हातारपणापर्यंत सापडल्या.

तेव्हा तुमचं वर्गातलं विधान बहुतांश मेंदूपुरतं आजही खरं आहे. ‘बहुतांश’ हा शब्द मात्र त्यात घालून शिकवा. नाकातल्या वास ओळखणाऱ्या चेतापेशी तर आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, हेही सांगून टाका. मुलांना अपवाद आवडतात.

त्या घरासाठी मात्र फ्रिसेन यांच्या गटाचं तिसरं काम महत्त्वाचं आहे. अर्धांगवायूच्या झटक्याने बाह्यकाला इजा झालेल्या माणसांचे मेंदू त्यांनी याच कार्बनच्या पद्धतीने तपासले. 2014 साली प्रसिद्ध झालेलं उत्तर असं, की मेलेल्या चेतापेशींच्या जागी तिथे नव्या आलेल्या नव्हत्या. मेंदू स्वतः ही भरपाई करत नसेल तर बाहेरून मूलपेशी घालून ती करता येईल का, हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो आपल्या देशातच नीट तपासला गेला आहे. भारतातल्या पाच केंद्रांत 120 रुग्णांवर चाचणी झाली. झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत निम्म्या रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या, उरलेल्यांना दिल्या नाहीत. 2014 साली ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात निकाल आला: उपचार सुरक्षित ठरला, पण सुधारणेत दोन्ही गटांत फरक पडला नाही. काकांना हे सांगा. चाचणी आपल्याकडची आहे, रुग्ण आपल्याकडचे आहेत.

सुरक्षित असेल तर करून बघायला काय हरकत, असं काका म्हणतील. तो सुरक्षितपणा त्या चाचणीतल्या पेशींचा, त्या पद्धतीचा आणि त्या देखरेखीचा होता. ‘मूलपेशी’ अशी चिठ्ठी लावलेल्या कुठल्याही बाटलीला तो लागू होत नाही. 2016 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. तोही अर्धांगवायूचाच रुग्ण होता. वेगवेगळ्या देशांत जाऊन त्याने पाठीच्या कण्यातून मूलपेशींची इंजेक्शनं घेतली, आणि पुढे त्याच्या कण्यात गाठ वाढली. तपासणीत त्या गाठीतल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नसल्याचं निघालं. तुम्ही पेशीविभाजन शिकवता, तुम्हाला हे चटकन कळेल. मूलपेशीचा सगळा उपयोग तिच्या विभाजित होण्यात आहे आणि धोकाही तिथेच आहे. कुठे थांबायचं हे तिला कळलं नाही, तर वाढते ती गाठ.

तुमचं दुसरं विधान म्हणजे पुस्तकातली मूलपेशींच्या उपयोगांची यादी. तीही याच नजरेने पुन्हा वाचा. थॅलॅसेमिया, ल्युकेमियासारख्या रक्ताच्या आजारांत रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं रोपण हा प्रस्थापित उपचार आहे. अस्थिमज्जा रोपणाच्या कामासाठी डॉनल थॉमस यांना 1990 साली नोबेल मिळालं, आणि असे रुग्ण आपल्याकडेही बरे होतात. पार्किन्सन्सची गोष्ट वेगळी. त्यात मुख्यतः एका जागच्या, एका प्रकारच्या चेतापेशी मरतात, म्हणून तिथे आशेला खरा आधार आहे. शिन्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या आणि 2007 साली माणसाच्या त्वचेतल्या पेशी पुन्हा मूलपेशींसारख्या करून दाखवल्या. तशा पेशींपासून तयार केलेल्या पेशी क्योटोत सात पार्किन्सन्स रुग्णांच्या मेंदूत बसवल्या गेल्या आणि त्याचा अहवाल 2025 साली आला. ही सुरुवात आहे, इलाज अजून नाही. अर्धांगवायूत तर चेतापेशी, त्यांना आधार देणाऱ्या पेशी, रक्तवाहिन्या, जोडण्या, सगळंच एका ठिकाणी मरतं, त्यामुळे काम आणखी अवघड. एकाच यादीत, एकाच ओळीत बसलेली ही नावं इतकी वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत. दोष तुमचा नाही, मुलीचा तर नाहीच. ‘उपयोग होतो’ आणि ‘उपयोग होईल अशी आशा आहे’ यांत पुस्तकाने फरक केला नाही, आणि त्या फटीतून एका घराची जमीन जायची वेळ आली आहे.

आता ‘आशा मोडायचा मला काय अधिकार’ या तुमच्या म्हणण्याकडे येते. त्या घरात आशा एकच आहे आणि ती त्या इंजेक्शनात आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. हे मला पटत नाही. मेंदू चेतापेशी वाढवत नसला तरी शिल्लक असलेल्या चेतापेशींचे जोड बदलू शकतो, आणि झटक्यानंतरची बरीचशी सुधारणा याच वाटेने होते. पहिल्या काही महिन्यांत ती वेगाने होते, पुढे मंदावते, पण आठ महिन्यांनी दार बंद होत नाही. त्यासाठी त्याच त्या हालचाली रोज, कंटाळा येईपर्यंत कराव्या लागतात: खुर्चीतून उठून बसणं, लुळ्या हाताने पेला धरायचा प्रयत्न करणं, चित्र बघून नाव उच्चारणं. या घरात फिजिओथेरपी चालू आहे का, वाचा-उपचार कधी झाले का, याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही. हे आधी विचारा. माझा अंदाज आहे, की पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर ते बंद पडलं असेल, बहुतेक घरांत तसंच होतं. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या नियमित आहेत का, तेही विचारा, कारण दुसरा झटका यायचा धोका खरा असतो. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी मिळते का याची चौकशी करा, आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर तेही काढून घ्यायला सांगा. दीड एकराच्या पैशातला थोडा भाग जरी नियमित व्यायामावर, येण्याजाण्यावर आणि मुलीच्या आईच्या विश्रांतीवर खर्च झाला तरी त्या माणसाच्या पदरात काहीतरी पडेल.

डॉक्टरकीत पडू नका, हे मुख्याध्यापकांचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. कोणती गोळी घ्या, कोणती सोडा, हे तुम्ही सांगायचं नाही. पण पुस्तकातल्या ओळीचा अर्थ काय, हे सांगणं तुमचंच काम आहे, आणि काका नेमकं तेवढंच विचारायला आले होते. त्यांना शाळेत बोलावण्यापेक्षा तुम्ही त्यांच्या घरी जा. शक्यतो मुलीची आई समोर असेल अशा वेळी जा, कारण रोजची शुश्रूषा तिच्याच गळ्यात असणार. ‘पुस्तकात लिहिलंय ते पुढची दिशा सांगतं, आज अर्धांगवायूवर हा सिद्ध झालेला इलाज नाही’, एवढं सरळ सांगा. मग न्यूरॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्यायला सांगा, आणि तो डॉक्टर त्या क्लिनिकशी संबंध नसलेला असू द्या.

तरीही त्यांना क्लिनिकशी बोलायचं असेल तर अडवू नका, प्रश्न लिहून द्या. पेशी कुठून घेणार, कुणाच्या? ही चाचणी आहे की नेहमीचा उपचार? चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला तिचा नोंदणी क्रमांक काय? तो क्रमांक कुणालाही इंटरनेटवर तपासता येतो. नीतिशास्त्र समितीची मंजुरी दाखवाल का? संमतीपत्र मराठीत आहे का, आणि ते घरी नेऊन वाचता येईल का? काही बिघडलं तर खर्च कुणाचा? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रोपण सोडून बाकी सगळा मूलपेशी-वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा, आणि सिद्ध न झालेल्या अशा उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेणं त्यात बसत नाही. लाखांचं बिल लावणारा माणूस ‘ही चाचणी आहे’ म्हणत असेल, तर तिथेच उठून यावं. हेच प्रश्न स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आईवडिलांनीही विचारावेत, त्यांनाही अशी जाहिरात फार दाखवली जाते. नाळेतलं रक्त खासगी बँकेत साठवून ठेवा, असा आग्रह बाळंतपणाच्या वेळी होतो. त्याबद्दलही भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की भविष्यातला ‘विमा’ म्हणून ते करण्याची शिफारस नाही.

त्या मुलीशी मात्र वेगळं बोला, वर्गासमोर नको. पुस्तक घरी उघडणारी ती होती. पुढे काही बिनसलं किंवा जमीन न विकल्याचा बोल कुणी लावला, तर ते ती स्वतःवर ओढून घेईल. धड्यातली ओळ वडिलांसाठी वाचणं हे चांगल्या विद्यार्थिनीचं काम होतं, असं तिला स्पष्ट शब्दांत सांगा. तिला जमलं तर वडिलांच्या व्यायामाची वही तिच्याकडे द्या: तारीख, कोणती हालचाल, किती वेळा.

गाठीबद्दल विचारणाऱ्या मुलाला तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. त्याचा प्रश्न फार चांगला आहे. मेंदूत चेतापेशींखेरीज त्यांना आधार देणाऱ्या चेताश्लेष्माच्या पेशी असतात, मेंदूभोवती आवरणं असतात, थोड्या मूलपेशीही असतात, आणि या विभाजित होऊ शकतात. मेंदूत सुरू होणाऱ्या बहुतेक गाठी अशाच पेशींपासून होतात, पूर्ण वाढलेल्या चेतापेशींपासून क्वचितच. काही गाठी तर फुप्फुस, स्तन अशा दुसऱ्या अवयवातून मेंदूत आलेल्या असतात.

याच प्रश्नाला धरून कांद्याच्या मुळाची स्लाइड करा. प्रात्यक्षिक नेहमीचंच आहे, फक्त एक गोष्ट वाढवा. पाण्याच्या ग्लासवर ठेवलेल्या कांद्याला दोन-तीन दिवसांत मुळं फुटतात. एका मुळाच्या टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घ्या, आणि त्याच मुळाचा दुसरा तुकडा टोकापासून सेंटिमीटरभर वरून घ्या. दोन्ही सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करा, ॲसिटोकार्मिनने रंगवा आणि टिपकागद ठेवून कव्हर स्लिप अंगठ्याने सरळ दाबा. घसरवू नका, पेशी फाटतात. पहिल्या स्लाइडमध्ये चौकोनी, दाट पेशींच्या गर्दीत कुठे मध्यावस्थेतली, कुठे पश्चावस्थेतली गुणसूत्रं लालसर काड्यांसारखी दिसतील. कांद्याच्या पेशीत ती 16 असतात. दुसऱ्या स्लाइडमध्ये पेशी लांबट झालेल्या असतील आणि विभाजन शोधूनही सापडणार नाही. मुळाच्या टोकाशी विभाजन, आणि थोडं वर गेलं की पेशी आपापल्या कामाला लागलेल्या. मूलपेशी आणि विशेषित पेशी यांतला फरक मुलांनी डोळ्यांनी पाहिला, की चेतापेशीने विभाजन का सोडलं हे निराळं शिकवावं लागत नाही.

त्याच आठवड्यात अर्धांगवायूची लक्षणंही फळ्यावर लिहा. चेहरा एका बाजूला वाकडा होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही अचानक दिसलं तर लगेच 108ला फोन करून मेंदूचं सीटी स्कॅन होईल अशा रुग्णालयात न्यायचं. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. गावात हे मुलांना माहीत असलं तर त्याचा उपयोग आजपासून आहे.

परीक्षेचं विचाराल तर मुलांनी उत्तरपत्रिकेत पुस्तकातलंच लिहावं, मार्च तोंडावर असताना त्यांना वादात पाडू नका. पण वहीत त्या यादीसमोर तीन शिक्के करायला लावा: ‘सिद्ध’, ‘चाचणी चालू’, ‘अजून दूर’. थॅलॅसेमिया पहिल्यात, पार्किन्सन्स दुसऱ्यात, अल्झायमर्स तिसऱ्यात. आणि बालभारतीला एक पत्र लिहा, की पुढच्या आवृत्तीत ही यादी अशी फोडून द्या. पत्रात काकांचा प्रश्न कुणाचंही नाव न घेता जसाच्या तसा लिहा, आणि तालुक्यातल्या विज्ञानाच्या आणखी शिक्षकांच्या सह्या घ्या.